देवीचा दगड आणि पलीकडचा माथा

डोंगर मोजायची रीत मी पहिल्यांदा परातीत पाहिली. माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, हैदराबादेत विद्यानगरला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. टेलिफोन खात्यातून ती निवृत्त झाली त्या वर्षीची गोष्ट. एका रविवारी सकाळी तिने भाकरीसाठी मळलेलं ज्वारीचं पीठ परातीत थापलं आणि त्याचे दोन उंचवटे केले, एक मोठा आणि एक त्याच्याहून किंचित लहान. मधली जागा अंगठ्याने दाबून खिंड केली. मग तांब्यातलं पाणी कडेने हळूहळू सोडू लागली.

पाणी चढत खिंडीपर्यंत आलं तेव्हा ती थांबली. लहान उंचवटा आता वेगळं बेट झाला होता. त्या पाण्यापासून त्याच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढाच त्याचा स्वतःचा उठाव, असं तिने सांगितलं. मोठ्याचा उठाव मात्र त्या खिंडीपासून धरायचा नाही. तो परातीच्या तळापासून धरायचा, कारण परातीत त्याच्याहून मोठं दुसरं कोणी नाही.

"दोघांत जो जरासा जरी उंच, त्याला सगळं," ती म्हणाली. "दुसऱ्याला खिंडीच्या वरचं तेवढं."

दाजी, म्हणजे तिचे यजमान, टेबलापाशी लसूण सोलत बसले होते. त्यांचं सगळं आयुष्य हैदराबादेत गेलं आहे आणि त्यांच्या मराठीत दख्खनी अशी मिसळली आहे की त्यांना स्वतःला ती वेगळी ऐकू येत नाही.

"अगं, आता ह्या डोंगराच्या भाकऱ्या होणार का नक्को?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे, म्हणजे घरातल्या पेपरवाल्याकडे, वळून म्हणाले, "मेव्हणे, छापा उद्या. विद्यानगरात डोंगर बुडाला, एक नवरा उपाशी."

आक्काने पाणी ओतून टाकलं, पीठ पुन्हा मळलं आणि भाकऱ्या केल्या. त्या जाड झाल्या होत्या.

इंग्रजीत ज्याला प्रॉमिनन्स म्हणतात त्याला मी इथे उठाव म्हणतो आहे. एखाद्या माथ्यावरून त्याच्याहून उंच माथ्याकडे जायचं असेल, तर वाटेत कमीत कमी किती उतरावं लागेल, तो त्याचा उठाव. उंचीची यादी आणि उठावाची यादी वेगळ्या असतात. जगातलं चौथ्या क्रमांकाचं उंच शिखर सर्वांत उंच शिखराला खेटून उभं आहे, मधली खिंडही उंचावर आहे, त्यामुळे उठावाच्या यादीत ते फार खाली जातं. उलट समुद्रातल्या एखाद्या बेटावरचा एकटा ज्वालामुखी बराच वर येतो. दीड हजार मीटरहून जास्त उठाव असलेले डोंगर जगात सुमारे दीड हजार आहेत, आणि फक्त तेच चढत फिरणारी माणसं जगभर आहेत. त्यातल्या बऱ्याच डोंगरांची नावं त्या जिल्ह्याबाहेर कोणी ऐकलेली नसतात. चढून आल्यावर सांगायला गेलं तर समोरचा विचारतो, हे कुठे आलं?

आक्काला हा नाद मौला अलीच्या टेकडीवर लागला. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. विद्यापीठाच्या आवारात फेऱ्या मारून ती कंटाळली आणि टेकडीच्या पायऱ्या चढू लागली. एका सकाळी वरच्या खडकावर तिला एक तरुण माणूस पालथा पडलेला दिसला. त्याला चक्कर आली असेल असं समजून तिने त्याच्या मानेवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. तो दचकून उठला. हातात एक पितळी नळी होती. आपण बरे आहोत, समोरच्या खडकाची उंची ताडून पाहत होतो, असं त्याने हिंदीत सांगितलं. आक्का स्वतःशी मराठीत काहीतरी पुटपुटली ते त्याने ऐकलं आणि पुढचं बोलणं मराठीत झालं.

तो मूळचा पुण्याचा, कोंडापूरला राहणारा, सॉफ्टवेअर कंपनीतला इंजिनियर. उठावाचे डोंगर चढणाऱ्या लोकांचा देशभर विखुरलेला एक गट आहे, त्याच्या नोंदी आणि मोजण्या तो ठेवतो. सुट्टी मिळेल तेव्हा इंडोनेशिया, केनिया, कुठे कुठे जाऊन येतो. त्याने आक्काला पहिल्या भेटीतच काकू म्हटलं. खात्यात तिला सगळे मॅडम म्हणत. काकू हे तिला काही दिवस खटकलं, मग खटकेनासं झालं.

ती पितळी नळी म्हणजे हातात मावणारी पाणसळ. गवंडी वापरतात त्यातलाच प्रकार. नळीतून पाहिलं की एक आडवी तार दिसते आणि तिच्याशेजारी हवेचा बुडबुडा. बुडबुडा तारेवर आला की नजर सपाट. समोरचा माथा तारेच्या वर दिसला तर तो आपल्याहून उंच, खाली दिसला तर ठेंगणा. नियम एकच: डोळा जमिनीला टेकलेला हवा. उभं राहून पाहिलं तर स्वतःची उंची डोंगराच्या खात्यात जाते. म्हणून ही मंडळी माथ्यावर पोचली की आधी पालथी पडतात.

आक्काने ठरवलं की दक्षिणेतले, चढायला बंदी नसलेले, मोठ्या उठावाचे सगळे डोंगर चढायचे. आनैमुडीच्या माथ्यावर जायला बंदी आहे, तो तिने सोडला. दोड्डबेट्ट्याच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. दाजी गाडीने वर गेले आणि आक्का बऱ्याच खालून चालत आली तेव्हा ते भुईमुगाच्या शेंगा संपवत होते. गटाच्या नियमात गाडीने गेलेलं चालतं. आक्काच्या नियमात चालत नाही. अगस्त्यमलईवर बायकांना अनेक वर्षं माथ्यापर्यंत जाऊ देत नसत. न्यायालयाच्या निकालानंतर ती वाट मोकळी झाली आणि त्यानंतरच्या एका मोसमात तीही जाऊन आली. प्रत्येक वेळी दाजी पायथ्याशी गाडीत थर्मास घेऊन थांबत. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, चढ त्यांना वर्ज्य आहे. तिथल्या चहाच्या टपऱ्यांविषयी त्यांची मतं ठाम असत आणि डोंगरांविषयी ते काही बोलत नसत.

प्रत्येक चढाईनंतर गटासाठी एक टिपण लिहायचं असतं. आक्का ते मराठीत लिहून माझ्याकडे पाठवायची. मी एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर आयुष्य काढलं. शेवटची काही वर्षं चूक-दुरुस्तीचा चौकोन माझ्याकडे होता. मी तिच्या टिपणाचं इंग्रजी करायचो आणि विशेषणं काढून टाकायचो. तिची तक्रार नसायची. खात्यात ती तारांची मोजक्या शब्दांची भाषा शिकली होती.

शेवटी एक डोंगर राहिला. तो पूर्व घाटात आहे, आंध्र आणि ओडिशाच्या सीमेजवळ. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याच्या मोजणीविषयी पुढे जे लिहिलं आहे ते अजून कुठल्या सरकारी नकाशात आलेलं नाही. त्याला दोन माथे आहेत, मध्ये खिंड आहे. पूर्वेच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे: एक मोठा दगड, त्याभोवती रचलेली कमरेएवढी भिंत, काठीला बांधलेली लाल फडकी. पश्चिमेच्या माथ्यावर फक्त झाडी. चढणारे लोक, वनखात्याचे लोक आणि नकाशे, सगळे देवीचा माथाच सर्वांत उंच धरत.

इथे आमच्या घराविषयी सांगायला हवं. आमचे वडील नांदेडकडचे. रेल्वेत नोकरी लागली म्हणून सिकंदराबादला आले. घर बौद्ध. देवळात जायचं नाही, हा घरातला साधा नियम होता. त्यावर चर्चा होत नसे, जशी रोज अंघोळ करण्यावर होत नाही. आक्काने तो नियम वडील गेल्यावरही पाळला. पण उठावाच्या गटाचा नियम असा की सर्वांत उंच नैसर्गिक जमिनीवर स्वतःचे पाय टेकायला हवेत, आणि इथे ती जमीन म्हणजे देवीचा दगड होता.

दाजी मला नंतर सांगत होते की खाली आल्यावर आक्काने पहिली गोष्ट हीच सांगितली. भिंतीपाशी ती बराच वेळ उभी होती. बरोबरच्या गावकऱ्याला विचारलं, आत गेलं तर चालेल का. तो म्हणाला, सगळे जातात. मग बूट काढून ती आत गेली, दगडावर उभी राहिली, हात जोडले नाहीत, आणि बाहेर आली.

"एवढ्या वर्षांत देवळात पाऊल नाही टाकलं," दाजी तिला म्हणाले होते. "डोंगरासाठी टाकलंस."

"देवळात नाही टाकलं. दगडावर टाकलं," असं तिचं उत्तर होतं.

त्या दिवशी माथ्यावर धुकं होतं. पलीकडचा माथा दिसला नाही, म्हणून पाणसळीतून पाहायचा प्रश्नच आला नाही. शंका असेल तर दोन्ही माथे चढावेत, अशी ह्या लोकांची रीत आहे. आक्काला शंका नव्हती. दिवसही फार उरला नव्हता. ती खाली आली, गटाने तिच्या नावापुढे शेवटची खूण केली, पुण्याचा तो गृहस्थ केक घेऊन विद्यानगरला आला. केकवर क्रीमचा डोंगर होता. दाजींनी त्याचा माथा कापून आक्काला दिला आणि म्हणाले, हे घे, हा तरी बसून चढ.

पुढच्या वर्षी तो परत आला तेव्हा हातात केक नव्हता. मी तिथेच होतो. तो पाणी प्यायला, आक्काच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली, मग लॅपटॉप उघडला. नवी उपग्रह मोजणी आली होती. तिच्यात पश्चिमेचा माथा देवीच्या माथ्याहून थोडा उंच दिसत होता. पण उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात, जमीन दिसत नाही. देवीचा माथा उघडा खडक आणि पश्चिमेचा झाडीने भरलेला. झाडांची उंची वजा केली तर तो खालीही जाऊ शकतो. नक्की काहीच सांगता येत नव्हतं.

"कुणी जाऊन बघेपर्यंत तुमची नोंद तशीच राहते, काकू," तो म्हणाला. "असंच करतात सगळे."

"आणि तो उंच निघाला तर?"

"तर उठाव सगळा तिकडे जातो. देवीच्या माथ्याला खिंडीच्या वरचं तेवढं उरतं. ते अगदीच थोडं आहे."

आक्काने हे मला परातीत दाखवलंच होतं. थोडं म्हणजे इतकं थोडं की गटाच्या यादीत तो माथा डोंगर म्हणून धरलाच जाणार नाही.

"मी डोंगर चढले की नाही, एवढं मला कळायला हवं," ती म्हणाली. दाजींनी टीव्हीचा आवाज बंद केला. चालू ठेवून ऐकता आलं असतं, पण त्यांनी बंद केला.

अडचण गुडघ्याची होती. डाव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली होती. नारायणगुड्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती आणि थंडी संपल्यावरची तारीखही ठरली होती. नंतर सपाटीवर हवं तेवढं चाला, जिने चढा, पण डोंगरउतार विसरा, असं ते म्हणाले होते. म्हणजे जायचं तर ह्याच थंडीत. नंतर कधीच नाही.

दाजींनी पहिल्या दिवशी विरोध केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं की माझ्याकडे चालायचे बूट आहेत का. मी डोंगर चढणारा माणूस नाही. त्याच संध्याकाळी आम्ही तिघं नारायणगुड्याला गेलो. आक्काने गुडघ्याचा नवा पट्टा घेतला, मी बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, कुठे निघालात, तर दाजी म्हणाले, "सासुरवाडीचा डोंगर आहे, तपासायला."

विशाखापट्टणमच्या गाडीने गेलो, तिथून जीप. पायथ्याच्या गावात मुक्काम केला आणि उजाडताना दाजींना जीपपाशी सोडून निघालो. वाट दाखवायला गावातले एक गृहस्थ बरोबर होते. आक्काचं तेलुगू खात्यातल्या नोकरीमुळे चांगलं आहे, ती त्यांच्याशी बोलत पुढे, मी मागे. हवा स्वच्छ होती. धुकं दऱ्यांमध्ये बसलेलं होतं आणि वर सगळं मोकळं दिसत होतं. बेत असा होता की ह्या वेळी देवीकडे जायचंच नाही. आधी खिंड गाठायची, तिथून थेट पश्चिमेचा माथा.

चढताना तिचा पाय चांगला चालला. मीच मागे पडत होतो. दोनदा ती थांबली, माझ्यासाठी. दुसऱ्या वेळी म्हणाली, "पेपरवाले सगळे असेच का रे? बसून बसून?" मी म्हटलं, बहुतेक.

खिंडीच्या अलीकडे वाट मोठमोठ्या दगडांतून जाते. तिथे एका दगडावरून खाली पाय टाकताना तिचा गुडघा वळला. आवाज झाला नाही, ती ओरडली नाही. ती नुसती खाली बसली आणि पट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला. उठून खिंडीपर्यंत चालत आली. तिथे पोचेपर्यंत पट्ट्याच्या वर आणि खाली सूज दिसत होती.

खिंड म्हणजे गवताळ, थोडी सपाट जागा. उजवीकडे वर देवीची लाल फडकी, डावीकडे झाडीत शिरणारी चढण. आक्का एका दगडावर बसली. गावकरी गृहस्थ थोडे लांब उभे राहून दुसरीकडे पाहत होते. ती डावीकडच्या चढणीकडे पाहत होती.

मग तिने पिशवीतून पाणसळ काढून माझ्या हातात दिली.

"तू जा," ती म्हणाली. "सगळ्यांत उंच जमीन शोध. दगड असेल तर दगड. त्याच्यावर उभा राहा. मग पालथा पड, डोळा जमिनीला टेकव. फडकी बघू नकोस, काठी बघू नकोस. दगड बघ, देवीचा. बुडबुडा स्थिर होईपर्यंत श्वास रोख. एकदा बघून खाली येऊ नकोस."

मी विचारलं की हे चालेल का. म्हणजे तिच्या नोंदीसाठी.

"नोंदीसाठी नाही. मला कळायला हवं. देवीचा माथा उंच निघाला तर मी चढलेच आहे. नाही निघाला तर नाही."

चढण लांब नव्हती पण दाट होती. गृहस्थ पुढे कोयत्याने फांद्या बाजूला करत होते. माथ्यावर काहीच नव्हतं. झाडं, वाळलेली पानं, एक वारूळ आणि त्याच्या पलीकडे जमिनीतून वर आलेला खडक. मी त्या खडकावर उभा राहिलो. तिथून झाडीमुळे समोरचं दिसत नव्हतं. थोडं खाली, पूर्वेकडच्या कडेला झाडं विरळ होती आणि देवीचा माथा स्पष्ट दिसत होता: भिंत, काठी, फडकी आणि मधला काळा दगड. मी तिथे पालथा पडलो.

बुडबुडा तारेवर आला. तार दगडाच्या वरून गेली. दगड आणि तार यांच्यामध्ये मोकळं आकाश होतं.

मी नळी बाजूला केली, डोळा पुसला, पुन्हा पाहिलं. मग नळी उलटी धरून पाहिलं, म्हणजे नळीतच दोष असेल तर कळेल. उत्तर तेच. दुजोरा घ्यायची सवय असल्यामुळे गृहस्थांनाही पाहायला सांगितलं. त्यांनी पालथं पडायला नकार दिला, पण उकिडवे बसून पाहिलं आणि तेलुगूत म्हणाले की देवी खाली आहे. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, मग ठाणं इथे का नाही बांधलं. ते म्हणाले, इथून गाव दिसत नाही. देवीला गाव दिसायला हवं.

त्या उत्तरात सगळं होतं. आम्ही सगळ्यांनी, नकाशा काढणाऱ्यांपासून आक्कापर्यंत, गृहीत धरलं होतं की देव असतो तो सर्वांत उंच जागी. गावाने जागा वेगळ्या कारणासाठी निवडली होती आणि त्यांनी कधी ती सर्वांत उंच आहे असं मोजून सांगितलेलंही नव्हतं. आम्ही ते आपलं आपणच धरून चाललो होतो.

उतरताना मला एवढंच काम होतं की खाली जाऊन एक वाक्य सांगायचं. ज्या जागेवरून मी पाहिलं ती माथ्यापेक्षा थोडी खालीच होती, म्हणजे फरक दिसला त्याहून मोठाच असणार. त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

आक्का त्याच दगडावर होती. पाय पसरून बसली होती. मी जवळ आलो तर तिने आधी पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायलो.

"दगड वर की खाली?"

"खाली."

"किती?"

"एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढा. जास्तच."

तिने फडक्यांकडे पाहिलं. मग हसू लागली. आवाज न करता, खांदे हलत होते, आणि बराच वेळ थांबली नाही. डोळे पुसून म्हणाली, "जन्मभर देवळात गेले नाही. आणि एवढ्या एका गोष्टीत देवीवर भरवसा ठेवला."

मी म्हटलं, नकाशावाल्यांनीही ठेवला होता.

"त्यांचं जाऊ दे."

मग ती उठली. काठी घेतली आणि डावीकडच्या चढणीकडे निघाली. मी मागून गेलो. चार-सहा पावलं ती बरी चालली. झाडी सुरू होते तिथे एक दगड चढायचा होता. तिने उजवा पाय वर ठेवला आणि डावा उचलला. तो दगडापर्यंत आला, त्यावर भार पडेना. तिने पाय खाली घेतला, जागा बदलली, पुन्हा ठेवून पाहिला. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. एका फांदीला धरून वर झाडीत पाहत उभी राहिली. माथा तिथून अगदी जवळ होता. मी हात पुढे केला. तिने मान हलवली.

"ओढून नेशील तू," ती म्हणाली. "पण मग उतरायचं पण आहे. ते मलाच उतरायचं आहे."

ती वळली. उतरायला आम्हाला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. कठीण जागी ती बसून सरकत उतरली. कुणी उचलून घ्यायची वेळ तिने येऊ दिली नाही.

दाजी जीपच्या दारात उभे होते. त्यांनी आम्हाला लांबूनच पाहिलं असणार, कारण थर्मासचं झाकण आधीच उघडलेलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "पाय?"

"पाय आहे," आक्का म्हणाली. "डोंगर नाही."

"हौ," दाजी म्हणाले आणि चहा ओतला.

हैदराबादला परतल्यावर तिने गटाला चार ओळी लिहिल्या. ह्या वेळी मला काढायला एकही विशेषण नव्हतं. पूर्वेचा माथा ठेंगणा आहे, तो मी चढले होते, पश्चिमेचा चढू शकले नाही, माझी नोंद काढावी. पुण्याचा गृहस्थ दुसऱ्याच दिवशी घरी आला. त्याचं म्हणणं होतं की हातातल्या पाणसळीने घेतलेलं एक निरीक्षण पुरेसा पुरावा नाही, नीट यंत्राने मोजणी होईपर्यंत नोंद ठेवायला हरकत नाही, आणि ती लवकर होणार नाही. तो हे मनापासून म्हणत होता. त्याला तिची नोंद काढायची नव्हती.

"कुणी बघितलं ते तर बघ," आक्का माझ्याकडे बोट करून म्हणाली. "ह्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. ह्याला बुडबुडा कळतो."

त्याने लॅपटॉप उघडला आणि खूण काढली. आम्ही सगळे पडद्याकडे पाहत होतो. तिच्या नावापुढची शेवटची जागा रिकामी झाली.

"आता ह्याचं नाव घाल," ती म्हणाली.

मी नको म्हटलं. मी त्या गटात नाही, मला ते डोंगर नकोत, मी निरोप्या म्हणून गेलो होतो.

"उभा राहिलास ना त्या खडकावर? स्वतःच्या पायांनी?"

"राहिलो."

"मग लिहायला हवं. माझं खरं लिहायचं आणि तुझं गाळायचं, असं कसं चालेल?"

दाजींनी पाठिंबा दिला. मेव्हण्यांच्या नावाने घरात डोंगर राहील, म्हणाले, बाहेर कुठे गेला नाही. पुण्याच्या गृहस्थाने माझं नाव टाईप केलं आणि त्यापुढे एक खूण केली. त्या यादीतली इतर माणसं वीस, चाळीस, शंभर डोंगरवाली आहेत. माझा एकच आहे. तो आजही तिथे आहे.

शस्त्रक्रिया ठरल्या तारखेला झाली आणि नीट झाली. काही महिन्यांनी आक्का काठी सोडून चालू लागली. विद्यापीठाच्या आवारात सकाळी फेऱ्या मारते. मौला अलीच्या पायऱ्या अजून चढलेली नाही. डॉक्टरांना विचारते आहे. त्या डोंगराविषयी विचारलं का, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, उत्तर माहीत असलेलं कशाला विचारू.

मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पीठ मळत होती. परातीत तिने पुन्हा दोन उंचवटे केले. पश्चिमेचा थोडा उंच ठेवला. पूर्वेच्या टोकावर डब्यातून तुरीचा एक दाणा काढून टोचला, ती देवी. मग तांब्याने पाणी सोडलं. दाजी येऊन मागे उभे राहिले. पाणी खिंडीपर्यंत आलं, खिंड बुडाली, दोन बेटं झाली. ती थांबली नाही. दाण्यापर्यंत पाणी आलं, दाणा बुडाला. पश्चिमेचा माथा अजून बोटभर वर होता.

"देवी बुडाली," दाजी म्हणाले.

"तिला गाव दिसत होतं," आक्का म्हणाली.

ह्या वेळी पीठ फारच पातळ झालं होतं. भाकऱ्या होण्यासारख्या नव्हत्या. तिने त्यात मिरची आणि कोथिंबीर चिरून टाकली आणि धिरडी केली. पहिलं मला दिलं. तुरीचा दाणा त्यातच आला.